टिपणीस सरांनी दिलेली बाजू

सत्कार समारंभात माझी ओळख करून देणारा माणूस हमखास म्हणतो, "लालबागच्या चाळीपासून परराष्ट्र धोरणापर्यंतचा बाईंचा प्रवास थक्क करणारा आहे." मी शाल सावरत बसते आणि मनात म्हणते, बाबा रे, थक्क तर मी झाले होते, आणि तेही प्रवास सुरू व्हायच्या आधी. उभा जन्म मी राज्यशास्त्र शिकवलं, त्यातही देशादेशांची भांडणं. दिल्लीच्या समित्यांवर बसले, परदेशांतल्या परिषदांमध्ये निबंध वाचले, वकिलातींमधला बेचव चहा प्यायले. मुलाखत घ्यायला येणारी मुलं विचारतात, या विषयाकडे कशा वळलात? मी सुवेझ कालव्याचं नाव घेते आणि त्यांचं समाधान होतं. कालवा त्या वर्षी गाजत होताच, त्यात खोटं काही नाही. पण मला या विषयात ढकललं ते आमच्या घरातल्या एका जेवणानं. त्याबद्दल मी आजवर कुठे बोलले नाही, कारण ज्यांना लागलं असतं ती माणसं हयात होती. आता कुणी राहिलेलं नाही.

आमची आई खाणावळ चालवायची. खाणावळ म्हटल्यावर बाकडी आणि पाटी डोळ्यांपुढे आणू नका. दुसऱ्या मजल्यावरची आमची एकच खोली, तिच्यात मोरी, शेगडी, बाबांची ट्रंक आणि भिंतीला लावलेली एक लांब फळी. आमच्या गावाकडची, म्हणजे कुडाळकडची, गिरणीत लागलेली आणि बायकापोरं गावी ठेवून आलेली माणसं आमच्याकडे दोन वेळा जेवायची. खाणावळीची रीत अशी होती की ज्यानं त्यानं आपलं ताट आणि तांब्या स्वतःचा आणायचा. तो त्या फळीवर राहायचा. ताटाच्या काठावर नाव कोरलेलं असे. नवा माणूस आला की त्याचं ताट फळीवर चढे, आणि कुणी गावी कायमचा परतला की ते उतरे. आई निरक्षर होती, पण अंधारातसुद्धा हाताला लागलेलं ताट कुणाचं ते ती सांगायची. संध्याकाळी पहिल्या पाळीची माणसं आंघोळी करून यायची, तेव्हा खोलीत तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास कोंडलेला असायचा. उकड्या तांदळाचा भात, सोलाची कढी, सोमवारी मात्र काळ्या वाटाण्याची उसळ. आई बडबड करत वाढायची. तिच्या बडबडीत निम्म्या शिव्या असत, आणि त्या शिव्यांशिवाय जेवण अंगी लागत नाही असं ती माणसं म्हणायची.

दुसरी रीत माझ्यामुळे सुरू झाली होती. मी शाळेत नीट वाचायला लागले तेव्हापासून जेवणं चालू असताना पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी मोरीच्या कठड्याला टेकून उभी राहायची आणि वाचायची. गिरणीच्या बातम्या आधी, मग चळवळीच्या, मग कुणाचं भाषण छापून आलं असेल तर ते सगळं. माणसं मान खाली घालून जेवत आणि ऐकत. मंत्र्याचं भाषण आलं की खोलीत आनंदीआनंद व्हायचा. एकेका वाक्याला अशी उत्तरं मिळायची की ती इथे लिहिणं माझ्या वयाला शोभणार नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीनं ठरवलं होतं, आणि त्यावरून आदल्या थंडीत शहरात गोळीबार होऊन गेला होता. आमच्या फळीवरच्या ताटांपैकी एक ताट त्या गोळीबारामुळे उतरलं होतं. ते दत्तारामकाका गावड्यांच्या धाकट्या भावाचं. त्याच्या मांडीत गोळी घुसली. तो वाचला, पण गिरणीत उभं राहण्यासारखा पाय उरला नाही, म्हणून त्याला गावी धाडलं. दत्तारामकाका आमच्या खाणावळीतले सगळ्यांत जुने. त्यांच्यावर तेव्हा वॉरंट होतं, ते लपून होते, म्हणून इस्पितळात त्या पोराच्या उशाशी आमचे बाबाच बसून असत. बाबा साचेखात्यात विणकर होते आणि चळवळीत आमच्या चाळीचे पुढारी. पुढारी म्हणजे भाषण करणारे नव्हेत. पाणी पोचवणारे, जामीन शोधणारे, जखमी पोरांजवळ बसणारे.

मी त्या वर्षी कॉलेजच्या वरच्या वर्गात गेले होते. आमच्या चाळीतून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी, आणि त्याचा आईला इतका अभिमान होता की ती नळावर भांडतानासुद्धा तो विषय काढायची. त्याच जूनमध्ये आमच्याकडे टिपणीस सर नवीन आले. गिरगावात राहायचे, आधी दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजात होते. बारीक अंगाचे, कोट घातलेले, आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं त्यांच्या तासाला आपणहून पुढे येत. परराष्ट्र धोरण शिकवताना त्यांचा एकच हट्ट असे. "समोरच्याची बाजू अशी मांडा की त्यानं ऐकली तर तो म्हणेल, अरे, हे मला सुचायला हवं होतं. ते जमल्याशिवाय स्वतःच्या बाजूबद्दल एक अक्षर बोलायचं नाही." म्हणून ज्याला जी बाजू नको तीच ते त्याला देत. फाळणीत कराचीहून आलेल्या मुलाला त्यांनी पाकिस्तानची बाजू मांडायला लावली. तो पोरगा रडकुंडीला आला, पण त्यानं मांडली.

जुलैत त्यांनी 'भांडणातली शहरं' असा विषय घेतला. डान्झिग, ट्रिएस्ट, तांजिर. दोन देशांच्या ओढाताणीत सापडलेली बंदरं, आणि त्यांना कुणाच्याच हाती न देता वेगळं ठेवण्याचे प्रयोग. आम्ही त्या परक्या नावांशी मजेत खेळत होतो. एके दिवशी सर म्हणाले, "आता आपलं बंदर." निरंजना नावाची भुलेश्वरची गुजराती मुलगी होती, तिला त्यांनी संयुक्त महाराष्ट्राची बाजू दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही लालबागच्या ना? तुम्ही मुंबई वेगळी का ठेवावी ते सांगा."

मला धक्का बसला, पण खरा धक्का पुढे होता. ग्रंथालयात बसून मी मुद्दे काढायला लागले आणि ते निघत गेले. बंदर साऱ्या देशाचं आहे. शहर उभं करायला पैसा एकाचा, घाम दुसऱ्याचा, जहाजं तिसऱ्याची. निम्म्याहून जास्त लोकांची बोली मराठी नाही. ज्या घरात अनेक भावांचा वाटा आहे ते एकाच्या नावावर कसं करायचं? मी लिहीत गेले, आणि यातलं काहीच वेडगळ नव्हतं. आमच्या खोलीत ज्याची रोज टिंगल व्हायची ते नीट बसून लिहिलं तर इतकं शहाणं दिसतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. निरंजनाची तीच गत झाली होती. ती म्हणाली, "मला तर तुमचं पटायला लागलंय ग, घरी कळलं तर बापूजी जेवायला देणार नाहीत." आम्ही दोघी खूप हसलो.

त्या दिवशी संध्याकाळी जेवणं चालू होती. मोर्चाच्या बातमीसाठी घाई होती म्हणून तेवढी मी सकाळीच वाचून दाखवली होती, बाकीचा पेपर राहिला होता. बाहेर पाऊस, खोलीत वाळत घातलेले कपडे, फरशी ओली. मला वाटलं, इतके कान बसलेत तर आपलं भाषण म्हणून बघावं. आईला मी दुपारी सांगितलं होतं की कॉलेजसाठी एक बोलायचं आहे, ती म्हणाली होती बोल. मी नेहमीच्या जागी, मोरीच्या कठड्याला टेकून सुरुवात केली. "मुंबई हे कुणा एका भाषेचं शहर नाही."

"इलो मंत्री!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मी बोलत राहिले. वाक्यामागून वाक्य. माना खालीच होत्या, घास चालू होते, आणि उत्तरं यायला लागली. "तेच्या बापाशीन गिरण चालवल्यान काय?" "मुंबय होयी तर साच्यार येवन उभो रव म्हणा!" मला जोर चढला. समोर सभा आहे आणि ती तापली आहे असं वाटलं. आवाज चढवून मी अनेक भावांच्या घराचा मुद्दा घेतला, माझा सगळ्यांत चांगला. टिंगल थांबली. दत्तारामकाका भात कालवायचे थांबले आणि मान न उचलता म्हणाले, "ह्यो मंत्री हुशार असा. नाव काय तेचा?"

मी फुशारकीनं म्हणाले, "मंत्री कुठला? हे मी लिहिलंय."

त्यांनी ताट थोडं सरकवलं. ओल्या फरशीवर त्यांनी ताटाखाली आजचा पेपर अंथरला होता. त्यावर रश्शाचा डाग पडला होता. त्यांनी पेपराकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे; तोवर त्यांना मी पेपरातलं भाषण वाचतेय असंच वाटत होतं. बाकीच्यांनी पण पाहिलं. मग ते म्हणाले, "माझ्या भावाच्या मांडयेत गोळी गेली ती ह्याच बोलण्यापायी. आणि तां तू आमका जेवताना वाढतंस?" त्यांनी तांब्यातलं पाणी भातावर ओतलं, ताटातच हात धुतला आणि उठले. त्यांच्यामागून बाकीचे उठले. जिन्यावरची त्यांची पावलं ऐकू येत होती. आई वाढायचा डाव हातात धरून उभी होती. "भरल्या ताटावरसून उठले गो," ती म्हणाली, "माझ्या घरातसून माणसां उपाशी उठली." तिचा आवाज मला ओळखू आला नाही. ही बाजू कॉलेजनं दिलेली आहे हे मी सांगेपर्यंत जिना रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ताटं न्यायला माणसं येऊ लागली. आई प्रत्येकाला जिन्यापर्यंत सोडायला गेली, हात जोडले, "पोरीक समाजना नाय" असं म्हणाली. ती कुणापुढे वाकलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती माणसं वाईट नव्हती हो. दत्तारामकाका ताट उचलताना माझ्याकडे बघायला तयार नव्हते, पण त्यांचे डोळे लाल होते. संध्याकाळपर्यंत फळी मोकळी झाली आणि चाळभर झालं की पुढाऱ्याची मुलगी फुटली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते मला ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "ह्या बोलूक तुका कोणी सांगितल्यान?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "उद्या माका तेच्या घराकडे घेवन चल. तेंका सांगतंय, आमचा चेडू उद्यापासून येवचा नाय."

ट्रामनं आम्ही गिरगावात उतरलो. वाटेत बाबा काय बोलायचं ते मनात जुळवत होते, त्यांचे ओठ हलत होते. मला एकच कळत होतं, माझं कॉलेज या माणसाच्या ओठांवर संपतं आहे. सरांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडंच होतं. खिडकीशी एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, बाबांकडे पाहत राहिल्या, आणि मला काही समजायच्या आत म्हणाल्या, "तुमच्या त्या मुलाचा पाय कसा आहे आता?"

बाबांनी दाराची चौकट धरली. मी त्यांना गिरणीतल्या अपघातांच्या वेळी पाहिलं आहे, लाठीमारातून घरी आलेले पाहिलं आहे. असा चेहरा मी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "गावी धाडला, बाय. काठी घेऊन चालतो."

"चालतो ना," त्या म्हणाल्या. "बरं झालं." त्या सूप उचलून आत गेल्या.

मी खुळ्यासारखी बाबांकडे बघत होते. तेवढ्यात सर आतून आले, घरच्या धोतरात. त्यांनीही बाबांना ओळखलं. हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मग मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. इस्पितळात गावड्यांच्या पोराच्या शेजारच्या खाटेवर सरांचा मुलगा होता. एकुलता एक. मोर्चात नव्हताच, शिकवणीहून घरी येत होता. बाबा आणि हे नवराबायको त्या वऱ्हांड्यात एका बाकावर बसत, एकमेकांना पाणी आणून देत. नाव कुणी कुणाचं विचारलं नव्हतं. गोळीबारानंतर बरेच दिवस तो झगडला आणि मग गेला. पेपरातल्या मृतांच्या याद्या तोवर छापून झाल्या होत्या, त्यांत त्याचं नाव आलं नाही. कॉलेजात कुणाला काही माहीत नव्हतं. सर नवीन होते, आणि सांगणाऱ्यांतले नव्हते.

बाबा जे बोलायला आले होते त्यातलं काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, मग ही बाजू तुम्ही पोरांना मांडायला लावता? तुम्ही?"

सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "मीच लिहायला बसलो होतो," ते म्हणाले. "पूर्वी मला कुणाचीही बाजू लिहिता यायची. तोच माझा धंदा. आता पहिल्या वाक्याच्या पुढे जात नाही. नुसता संताप येतो. म्हटलं, वर्गात कुणाला जमतं का बघू. जमलं तर समजायचं, हा विषय अजून शिकवण्यासारखा आहे."

मला त्या क्षणी त्या माणसाचा भयंकर राग आला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्या विद्यार्थ्यांना मी सरांबद्दल नेहमी चांगलंच सांगत आले. स्वतःला काय झालंय ते तपासायला यांनी माझा वापर केला, आणि त्यापायी आमची फळी रिकामी झाली. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत त्या बाई सुपात तांदूळ पाखडत असल्याचा आवाज येत होता. मला राग धरूनही ठेवता येईना. बाबा म्हणाले, "जमलंय हिला, सर. भरल्या ताटावरून माणसं उठली." सरांना अर्थ कळला नाही. त्यांनी "म्हणजे?" असं विचारलं. बाबा म्हणाले, "काही नाही. येतो आम्ही."

परत येताना बाबांनी ट्राम घेतली नाही. आम्ही भायखळ्यापर्यंत चालत आलो. मग म्हणाले, "कॉलेज सोडू नको. आणि ह्यां कोणाक सांगू नको." मी म्हणाले, "बाबा, दत्तारामकाकांना एवढं सांगितलं ना, तर ते आज रात्री ताट घेऊन परत येतील." ते थांबले. "येतील," ते म्हणाले, "म्हणान तर सांगूचा नाय. दुसऱ्याच्या झिलाच्या मरणार आपली शेगडी पेटवची काय? तुज्या आयेकय सांगू नको. तिच्या तोंडात तीळ भिजना नाय." तेव्हा मला बाबा फार थोर वाटले. आज मी त्यांच्यापेक्षा कितीतरी म्हातारी आहे, आणि त्यांच्याशी भांडावंसं वाटतं.

वर्गात मी बोलले. सर शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. माझं झालं, निरंजनाचं झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "आता तुम्ही दोघी आपापली खरी बाजू मांडा." मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की कालपर्यंत सहज येणाऱ्या घोषणा आता येत नाहीत. मुंबई आमचीच होती, त्यात तसूभर फरक नव्हता, तेव्हाही आणि पुढे राज्य झालं त्या दिवशीही. पण ते सांगायचं तर आधी समोरच्याच्या प्रत्येक मुद्द्यापाशी थांबावं लागत होतं. अडखळत अडखळत मी जे काही बोलले ते माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं व्याख्यान. सर नुसते "बसा" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे मी एम. ए. केलं ते त्यांच्याच हाताखाली, आणि नोकरीला लागल्यावर दरवर्षी विद्यार्थ्यांना नको ती बाजू देत आले. परराष्ट्र खात्यात गेलेले माझे विद्यार्थी म्हणतात की त्यांना वाटाघाटींत तेच कामाला आलं. असेलही. दरवर्षी ती वाटणी करताना मला आमची रिकामी फळी दिसायची हे त्यांना ठाऊक नाही.

खाणावळ पुन्हा उभी राहिली नाही. आई गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. ज्या हातांनी ती माणसं जेवू घालायची त्या हातांची बोटं सुतानं कापली जायची. बाबा मला कॉलेज सोडवायला गेले आणि कॉलेज चालू ठेवून आले, याचं कारण तिला कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बापाशीन आणि लेकीन मिळान माजी खाणावळ खाल्ल्यानी." आमच्यावरचा तिचा राग कालांतरानं निवला, पण कुणावर तरी तो राहायला हवा होता. तो सरांवर राहिला. बोट कापलं की सरांना शिवी, पाळीहून पाय सुजून आले की सरांना शिवी. मालवणी मुलखातली निर्वंशाची एक जुनी शिवी तिची ठरलेली होती. "तेच्या घराक दिवो लावूक कोण रवाचो नाय!" ती हे म्हणाली की बाबा उठून गॅलरीत जायचे. आईला वाटायचं, नवरा शरमला. मला नोकरी लागली, लग्न झालं, परिस्थिती पालटली, तरी शिवी राहिली. रागानं सुरू झालेली ती पुढे सवय झाली, मग घरातली गंमत. दिवाळीला माझ्या घरी आली की आकाशकंदील लावता लावता ती हसत म्हणायची, "तेच्या घराक दिवो," आणि माझा नवरा वाक्य पुरं करायचा. मी स्वयंपाकघरात जायची.

बाबा गेले. मी प्रभादेवीला राहायला आले, आई चाळीतली खोली सोडायला तयार नव्हती, म्हणून दर रविवारी मी जायची. एका रविवारी दुपारी ती दारात बसून कोळंबी सोलत होती. मी सांगितलं, "आई, टिपणीस सर गेले परवा." तिनं हात जोडले. मेलेल्याशी तिचं भांडण नसे. मग म्हणाली, "बायल असा?"

"त्या आधीच गेल्या."

"मगे आग कोणी दिल्यान?"

"पुतण्यानं."

"झील नाय तेंका? पोरगो?"

बाबा नव्हते. सर नव्हते, त्यांची बायको नव्हती. आता कुणाला राखायचं, असं मला वाटलं आणि मी सगळं सांगितलं. इस्पितळातली शेजारची खाट, तो बाक, तांदूळ निवडणाऱ्या त्या बाई, बाबांनी चौकट कशी धरली ते. आई ऐकत होती, तिच्या बोटांत अर्धी सोललेली कोळंबी होती. मला वाटत होतं ती म्हणेल, एवढ्यासाठी माझी खाणावळ घालवलीत? किंवा दत्तारामांना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? उत्तर मी तयारही ठेवलं होतं, तेवढं शिक्षण माझं झालं होतं.

तिनं खाणावळीचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे झील गेलेलो होतो. मी बोलाक लागलंय तेच्या आधीच."

"हो."

"आणि मी रोज बोलत होतंय."

मी कोळंबीची सालं गोळा करायला लागले.

"तुज्या बापाशीक ठावक होता. तुका ठावक होता. मगे माका कोणी थांबवल्यात कित्याक नाय गो?"

आयुष्यभर मी प्रश्नांना उत्तरं देण्याचा पगार घेतला. आईनं कोळंबीचं पातेलं बाजूला सारलं, मोरीत गेली आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिली.

त्यानंतर ती काही वर्षं होती. तब्येत ठणठणीत, गुडघे सोडले तर तक्रार नव्हती. पण नळावरच्या भांडणात, मांजरानं मासा पळवल्यावर, भाजीवाल्यानं वजन मारल्यावर, तिच्या तोंडून शिवी म्हणून निघाली नाही. बोलायची कमी, आणि बोलायच्या आधी थांबायची. एका रविवारी मी जिना उतरत असताना शेजारच्या नव्या सुनेनं मला अडवलं. म्हणाली, "काकी, आजींना बरं नाही का? हल्ली त्यांचा आवाजच येत नाही."